पुढे सरकवलेला ट्रे

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. ट्रेमध्ये द्राक्षरसाचे बोटभर पेले. सहा वर्षं मी तो ट्रे काही न घेता पुढे सरकवला. शेजारी आई. ती ट्रे घेताना पेले किणकिणायचे. तिने कधी काही विचारलं नाही.

मी समलिंगी आहे. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत वाढलो, नाताळात सोलापुरात रेल्वे लाइन्सपासून सात रस्त्यापर्यंत कॅरल म्हणत फिरलो. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने कलम 377 चा निकाल दिला, समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणाले, तेव्हा घरात टीव्ही चालू होता आणि मी मान खाली घालून कडक भाकरी शेंगाचटणीत बुडवत होतो. कायद्याने सोडलं, पण बायबलमधल्या प्रेषित पौलाने नाही. अयोग्य रीतीने ही भाकर खाणारा प्रभूचा अपराधी, असं त्याच्या 1 करिंथकरांस या पत्राच्या 11व्या अध्यायात आहे. अयोग्य म्हणजे मी, हे मी धरूनच चाललो होतो.

एकदा तो अध्याय सलग वाचला. पौल चिडलाय कोणावर? एकत्र जमून आधीच खाऊन घेणाऱ्यांवर, ज्यांच्यामुळे गरीब उपाशी राहतात. शेवटी सांगतो काय, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. आणि आमच्यावर कायम फेकलं जाणारं ते सदोम, पापामुळे देवाने नष्ट केलेली बायबलमधली नगरी! यहेज्केल 16:49 उघडून बघा. गर्व, पोटभर अन्न, आणि गरिबाला हात न देणं, हा तिचा दोष सांगितलाय.

समलिंगी संबंधांना पाप म्हणणारे बायबलमधले लेवीय 18 आणि रोमकरांस 1 मी विसरलेलो नाही. ती वचनं आजही टोचतात. पण माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर दिवसातून चार वेळा तिच्या डोळ्यांत थेंब घालणारा माझा जोडीदार मला त्या वचनांत कुठेच दिसत नाही.

मंडळीतल्या थोरांना एकच विनंती. माझ्या डोक्यावर हात दाबून तासभर समलिंगीपणाचा 'आत्मा' हाकलला गेलाय, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. डॉक्टरने असल्या 'उपचारा'चा प्रयत्न केला तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग 2022 पासून ते गैरवर्तन मानतो. प्रार्थनेच्या नावाने मात्र चालूच आहे. ते बंद करा. आज मागच्या बाकावर बसलेलं एखादं पोर घाबरलेलं आहे, आणि ते तुमचंच आहे.

या महिन्यात मी पेला उचलला. आईने तिचा आधीच घेतला होता, पण प्यायली नव्हती. माझा ओठांना लागेपर्यंत ती हातात धरून बसली होती.