खालचे व्हेंट बंद करणं म्हणजे झोनिंग नाही हो

आपल्या न्यू जर्सीच्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो, यंदा मला तिघांनी पाठवला. "वरच्या बेडरूम तापतात? खालचे सगळे व्हेंट (एसीची हवा सोडणाऱ्या जाळ्या) बंद करा, गार हवा वर जाईल, बिलही कमी येईल. झोनिंग (मजल्यागणिक वेगळा थर्मोस्टॅट लावून तापमान सांभाळणं) म्हणजे लूट, तेही आतून व्हेंटच बंद करतात, आणि भिंती फोडतात ते वेगळंच." आम्ही दोन वर्षांपूर्वी हेच करून बसलो, सहा व्हेंट बंद केले आणि जुलैत एसीच्या हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी बिलाचं बघू. व्हेंट बंद केला म्हणून मशीन लहान होत नाही. ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, अख्ख्या घराच्या हिशोबाने बसवलेला असतो, साधारण एसीच्या क्षमतेच्या एका टनामागे मिनिटाला 400 घनफूट हवा, तिला वाट मिळाली नाही की डक्टमधलं (हवा नेणाऱ्या नळांमधलं) प्रेशर वाढतं आणि ती सांध्यासांध्यातून बेसमेंटमध्ये नाहीतर ॲटिकमध्ये (छपराखालच्या पोकळीत) गळते. एनर्जी स्टार या अमेरिकेतल्या वीजबचतीच्या कार्यक्रमाचे लोक सांगतात की साधारण घरात डक्टमधली 20 ते 30 टक्के हवा अशीही वाया जातेच, त्यात आपण भर घालायची. ब्लोअरला ईसीएम मोटर (स्वतःच वेग बदलणारी) असेल तर ती हवा कमी पडू नये म्हणून अजून जोर लावते आणि वीज जास्त खाते.

आमच्याकडे बर्फ का धरला तर हवा कमी झाल्यावर कॉइल फार गार पडते, हवेतला दमटपणा तिच्यावरच गोठतो, मग हवा अजून कमी. पण मला जास्त भीती हिवाळ्याची वाटते. फर्नेसचा हीट एक्स्चेंजर (आतल्या आगीची ऊब हवेला देणारा पत्र्याचा भाग) प्रमाणाबाहेर तापतो, लिमिट स्विच बर्नर बंद करतो, निवला की परत चालू, परत बंद, आणि असं सारखं होत राहिलं तर पत्र्याला तडा जाऊ शकतो, मग कार्बन मोनॉक्साइडचा धोका. आई-बाबा भारतातून आलेत, थंडीमुळे सगळ्या खिडक्या बंद, अशा घरात हा प्रयोग कृपया करू नका.

आता गार हवा वर जाते का? थोडी जाते, खरंय. एखाद-दुसरा व्हेंट अर्धा बंद करायला हरकत नाही, मीही करतो. पण वर उकडतं ते छप्पर तापतं म्हणून, ॲटिकचं इन्सुलेशन पातळ असतं म्हणून, आणि थर्मोस्टॅट एकच, तोही खालच्या पॅसेजमध्ये. खाली 74 फॅरेनहाइट झालं की त्याचं काम संपलं, वर 80 आहे हे त्याला कळणार कसं? म्हणून आधी ॲटिक नीट करा, झोनिंगपेक्षा स्वस्त पडतं.

"तेही व्हेंटच बंद करतात" हे मात्र अर्धवट खरं आहे म्हणूनच लोकांना पटतं. झोनिंगमध्ये मुख्य डक्टवर मोटरचे डँपर (हवेच्या झडपा), मजल्याला एकेक थर्मोस्टॅट आणि एक कंट्रोल बोर्ड असतो, बाहेर पडणारी हवा फार गार किंवा फार गरम झाली की बोर्ड मशीन थांबवतो, आणि व्हेरिएबल स्पीडचं मशीन असेल तर एकच मजला चालू असताना हवाच कमी सोडतो. जुन्या, एकाच जोरात चालणाऱ्या सिंगल स्टेज मशीनला नुसते डँपर लावून दिले तर आमच्यासारखाच बर्फ धरणार, मग मेसेजवाले बरोबर ठरतात. काही जण त्यावर बायपास डक्ट बसवून देतात, उरलेली गार हवा सरळ रिटर्नमध्ये, म्हणजे परत मशीनकडे, कॉइल अजून गार!

भिंतींचं म्हणाल तर बेसमेंटमध्ये खालच्या आणि वरच्या मजल्याचे डक्ट वेगळे निघत असतील तर काहीच फोडावं लागत नाही. एकाच डक्टमधून सगळे फाटे फुटले असतील तर अवघड आहे, तिथे वर मिनी स्प्लिट (डक्ट न लागणारा वेगळा एसी) लावलेला बरा. भिंतीच्या पायथ्याशी बेसबोर्डमधून गरम पाणी फिरणारं जुनं घर असेल तर पाइपवर झोन व्हॉल्व्ह बसतात, पण ते फक्त हीटिंगपुरतं.

कोटेशन घेताना 'मॅन्युअल जे' या ठरलेल्या पद्धतीने मजल्यागणिक लोड (किती गारवा आणि किती ऊब लागेल तो हिशोब) काढून मागा, आणि एकच झोन चालू असताना बाकीची हवा कुठे जाणार ते विचारा. याचं उत्तर नीट मिळेपर्यंत सही करू नका.