सेकंड हँड पिकअप घेताना काय बघू नये

जुनी डिझेल पिकअप घ्यायचं ठरवलंत ना? मग कोणती, तेही ठरलेलंच असणार. इंदुरात देवास नाक्याकडे जाताना रोज दिसते ती पांढरी, पुढच्या काचेवर ‘बेचना है’ आणि खाली मोबाइल नंबर. मनातल्या मनात तिच्या हौद्यावर दुकानाचं नाव रंगवूनही झालंय, अक्षरं लाल की निळी एवढंच वहिनींना विचारायचं राहिलंय. आता फक्त गाडी ‘बघून यायची’. हे काम जपून करा. नीट बघितलेल्या गाडीचा सौदा फार क्वचित होतो.

पहिलं म्हणजे न सांगता, भल्या सकाळी जाऊन उभे राहू नका. तो शुद्ध अडाणीपणा. आदल्या दिवशी फोन करा, अकरा-साडेअकराची वेळ द्या, म्हणजे मालकाला गाडी तासभर चालवून गरम करून ठेवता येते. रात्रभर थंड पडलेलं डिझेल इंजिन फार तोंडाळ असतं. डिझेल फवारणारे इंजेक्टर गळत असतील, कॉम्प्रेशन बसलं असेल, बॅटरी शेवटच्या घटका मोजत असेल, तर पहिल्या सेल्फलाच सगळं बोलून टाकतं. तेच इंजिन गरम असलं की अर्ध्या सेल्फला चालू होतं. म्हणून गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवू नका. चुकून ठेवलात आणि चटका बसला, तर ‘काय ऊन पडलंय!’ म्हणा. जानेवारी असला तरी म्हणा.

चालू झाल्यावर इंजिन थरथरेल. मालक सांगेल, ‘भिया, डीज़ल है, हिलेगा तो सही.’ मान डोलवा. २००५ साली टाटाचा एस आला, लोकांनी त्याला छोटा हत्ती म्हटलं आणि सियागंजच्या गल्ल्यांत तो सुखाने राहू लागला. त्याचं इंजिन होतं दोन सिलिंडरचं, त्याचं हलणं समजण्यासारखं होतं. तुमच्यासमोरची गाडी चार सिलिंडरची आहे आणि बहुधा तीनवर चालली आहे, हा हिशोब तिथे उभ्या उभ्या मांडायचा नसतो.

धुराकडेही फार निरखून बघू नये. काळा धूर दिसला तर गाडीत ताकद आहे असं समजायचं. एअर फिल्टर तुंबलाय, टर्बो थकलाय किंवा इंजेक्टर जास्त डिझेल सोडतोय, असलं काही मनात आणू नका. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही, तर पाणी कुठून तरी सिलिंडरमध्ये उतरतंय किंवा डिझेल नीट जळत नाहीये. पण तुम्ही त्याला हवेतला गारवा म्हणू शकता. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो दिसेल अशी शंका आलीच, तर नेमक्या त्या वेळी सीट कव्हरचं कौतुक करायला केबिनमध्ये शिरावं. सीट कव्हर नवंच असतं.

आता ऑइलचं झाकण. या झाकणाने जितके व्यवहार मोडले असतील तितके कोर्टानेही मोडले नसतील. इंजिनच्या डोक्यावर जिथून ऑइल ओततात तिथे ते असतं, हाताने फिरवून निघतं. इंजिन चालू ठेवून ते काढायचं आणि त्याच भोकावर उलटं, नुसतं ठेवायचं, बस्स. इंजिन निरोगी असेल तर झाकण जागच्या जागी थोडं थरथरतं आणि भोकातून पुसटशी वाफ येते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजले असतील तर खालून भक्‌भक्‌ धूर येतो आणि झाकण उड्या मारत बाजूला पडतं. मिस्त्री लोक याला ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात, आणि म्हणताना तुमच्याकडे न बघता रुमालाला हात पुसतात, कारण पुढचे शब्द ‘फुल इंजिन काम’ असतात. ही सगळी परीक्षा अर्ध्या मिनिटाची, फुकटातली. आणि तरीही ती करायची नाही. समोरच्याने पोहे मागवलेत, वर जिरावण आणि शेव पेरलीय, लिंबू पिळून प्लेट तुमच्या हातात दिलीय. पोहे खाता खाता माणसाच्या इंजिनाचं झाकण उघडायचं? काही रीत आहे की नाही? भीड ही भिकेची बहीण, असं आजी सांगायची खरी. पण आजीने कधी पिकअप घेतली नव्हती.

शेजारीच रेडिएटरचं झाकण असतं. तेही बंदच राहू द्या. (गरम इंजिनावर ते खरोखरच उघडू नका, तोंड भाजेल, मालकाने गाडी गरम करून ठेवण्याचा हा दुसरा फायदा.) थंड असताना उघडून इंजिन चालू केलं आणि पाण्यात बुडबुडे येतच राहिले, किंवा डिपस्टिकवर ऑइलऐवजी दुधाच्या कॉफीसारखं काही लागलं, तर हेड गॅस्केट गेलेलं असतं. म्हणजे पाणी, ऑइल आणि गॅस यांनी आपसातले भेदभाव मिटवले आहेत. अशा एकोप्यात आपण कशाला ढवळाढवळ करायची?

मीटर मात्र जरूर वाचा, मोठ्याने वाचा. ‘फक्त बासष्ट हजार!’ हे ऐकून मालकालाही बरं वाटतं, त्याने त्यासाठी पैसे मोजलेले असतात. गाडी कुठे चालत होती विचारा. ‘पीथमपूरला कंपनीत लावलेली होती, उभीच असायची.’ उभ्याउभ्याच क्लच पॅडलचं रबर झिजून लोखंड चमकायला लागलंय, स्टिअरिंगची नक्षी पुसली गेलीय आणि ड्रायव्हर सीटचा स्पंज एका कुशीवर खचलाय. ही सगळी उभं राहण्याची लक्षणं आहेत. सर्व्हिसची बिलं मागाल तर ती ‘घरी आहेत’. घरी राहू द्या.

नव्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा (धुराच्या कडक नियमांतल्या) गाड्यांची एक निराळी गंमत आहे. चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली की डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायला हवा, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. तो विझलाच नाही तर दुखणं आहे. पण मुळात लागलाच नाही, तर दुखण्याचा आवाजच दाबून टाकलाय. कुणीतरी तारेवर किंवा बल्बवर ‘उपचार’ केलेत. ज्या मॉडेलांना धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यांना अधूनमधून लांब पल्ल्याची धाव लागते, म्हणजे आत साठलेली काजळी जळून जाते. सियागंज ते मारोठिया, मारोठिया ते सियागंज असं दिवसभर घिरट्या घालत राहिलेल्या गाडीत तो तुंबतो. मग मालक वैतागून तो पोकळ करवून घेतो आणि गाडी ‘हलकी पळते’ म्हणून तुम्हाला विकतो. तुम्हीही म्हणा, हलकी पळते. तिच्या फिटनेसचा, म्हणजे आरटीओच्या तपासणीचा, दिवस यायला अजून अवकाश आहे.

खाली वाकून चेसिस बघायची तर पांढरा शर्ट घालून जा, म्हणजे वाकावं लागणार नाही. खाली सगळं ताज्या काळ्या रंगाने झाकलेलं असतं. वर बॉडीवर ओरखडे तसेच ठेवून जो माणूस खालून, कुणाला न दिसणाऱ्या जागी रंग मारतो, तो सौंदर्यवादीच असला पाहिजे. त्या रंगाखाली वेल्डिंगचे सांधे असतील तर असू देत. मागचे पाटे मोजू नका. कंपनीने दिलेल्या पाट्यांच्या वर एखादा निराळ्या रंगाचा, जाड पाटा घातलेला दिसला, तर गाडी मजबूत केलीय असं म्हणायचं. चोइथराम मंडीतून तिने पासिंगच्या (मंजूर वजनाच्या) दीडपट-दुप्पट कांदा वाहिला, त्याची ती पावती आहे, असं म्हणायचं नाही. टायरवर लांबट गोलात चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ते चिखलाखाली असतात. चिखल राहू द्या.

ब्रेकबद्दल मात्र मला विनोद सुचत नाही. पॅडल दाबून धरलं आणि ते पायाखाली हळूहळू खाली जात राहिलं, किंवा ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढली गेली, तर पोहे टाकून उठा. आपण पठारावर राहतो. मुंबईकडे निघालं की गणेश घाट, खंडव्याकडे निघालं की भेरूघाट, माळव्यातून खाली उतरायचं म्हणजे घाटच. गणेश घाटात ब्रेक फेल झाल्याच्या बातम्या वाचतच आपण सगळे मोठे झालो.

असो. ट्रायल. ट्रायल रिकाम्या गाडीचीच घ्यावी, तीही भंवरकुआँ ते टॉवर चौक एवढीच, गाणी लावून. मागे हजार-बाराशे किलो टाकून भेरूघाट चढवला तर क्लच सुटतो का, तापमानाचा काटा कुठे जातो, तिसऱ्या गिअरमधून गिअर आपोआप बाहेर पडतो का, सगळं एका खेपेत कळतं. ज्याला ओंकारेश्वरचं दर्शन घडवायचंय त्याला ते बसने घडवावं. चौकात थांबून पुन्हा निघताना खालून ‘कट्ट’ असा आवाज आला, तर तो मागची चाकं फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा. आवाज वाढवा, गाण्याचा.

बरोबर कोणाला न्यावं? मिस्त्रीला नेऊ नका. ट्रान्सपोर्ट नगरातला एखादा पंप-नोझलवाला आला तर तो इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढून बाटल्यांत सोडेल, कोणत्या बाटलीत डिझेल जास्त साचतं ते बघेल, आणि त्या बाटलीकडे बोट दाखवून एक आकडा सांगेल. या कामाचे तो पैसेही घेईल. त्यापेक्षा दाजींना न्या. दाजींकडे स्वतःची पेट्रोल कार आहे, ती ते दर दसऱ्याला धुतात. दाजी टायरला लाथ मारतील, दरवाजा दोनदा आपटून बघतील आणि म्हणतील, ‘पत्रा जाड आहे हो!’ रामबागेतल्या घरी परतेपर्यंत हे मत सगळ्या आळीचं झालेलं असेल, आणि पुढे काही झालंच तर दोष वाटून घेता येईल.

कागदपत्रं हा अविश्वासू माणसांचा छंद आहे. आरसी बुकात बँकेचं नाव चढलेलं असेल, तर ‘कर्ज कधीच फिटलंय’ हे शब्द पुरेसे माना. फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला मिळाल्याखेरीज ते नाव आरटीओतून उतरत नाही हे खरं. पण शब्द शब्द असतो. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासू नका, शाळकरी वाटतं. सरकारी ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा, थकलेली चलानं बघू नका, डेटा संपतो. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दर वर्षी करावा लागतो, आधी दोन वर्षांनी; मालकाचा हिशोब नेमका इथेच थांबलेला असतो, म्हणून तर गाडी विकायला निघाली आहे. परमिट दिसलं नाही तर मात्र उगाच हुशारी दाखवू नका: मालासकट एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या माल वाहणाऱ्या गाडीला ते लागतच नाही. जिथे शंका घ्यायची गरज नाही तिथे ती घ्यायची आणि बाकी सगळीकडे विश्वास ठेवायचा, ही आपली जुनी पद्धत आहे.

नंबर दिल्लीचा असेल तर अगदीच बिनघोर. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या तिथे चालवू नयेत, असा आदेश हरित लवादाने २०१५ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याची पाठराखण केली, आणि राजधानीच्या हवेला न मानवलेल्या कितीतरी गाड्या एनओसी हातात घेऊन आपल्यासारख्यांच्या हवेकडे निघाल्या. आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येतं, थोडा धूर पचवू शकतं.

बयाना देऊन टाका. कच्च्या पावतीवर. किंमत पाडताना पाच हजार मागा, दोनवर या, आणि ‘तुमच्यासाठी म्हणून’ हे वाक्य ऐकून घ्या. गाडी आधी खजराना गणपतीला न्या, नारळ फोडा, हार घाला. परतताना पार्किंगमध्ये सेल्फ घेतला नाही, तर ढकलायला तिथे माणसं मिळतात.

आणि नाव बदलायची घाई नको. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, नाही तर गाडी ठोकल्यावर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. हे सगळं कायद्यात छापलेलं आहे आणि तिथेच शोभतं. दलालाने मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे कोरे फॉर्म जुन्या मालकाची सही घेऊन दिलेत, ते कपाटात ठेवा. वर्षभराने तुम्हालाच गाडी विकायची इच्छा झाली तर तेच फॉर्म पुढच्या माणसाला देता येतात, मधल्या मधे तुमचं नाव कुठेच लागत नाही. रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक, असं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली चलानं जुन्या मालकाच्याच मोबाइलवर जाणार. तो तुम्हाला फोन करेल. आधी ‘भिया’ म्हणेल, मग ‘भाईसाहब’, आणि तिसऱ्या चलानानंतर सरळ आरटीओत जाऊन गाडीची तक्रार नोंदवेल. तेव्हा त्याला विचारा, ऑइल रोज अर्धा लिटर का लागतंय?