वाळवंटात पाणी कमी लागते, या संदेशाबाबत खुलासा

रत्नागिरी-मालवण भागातील प्रवासी गटांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. कोकणच्या दमट उकाड्यात वाढलेल्या माणसाला जैसलमेरच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम येत नाही, त्यामुळे कॅम्पर व्हॅनने एकट्याने जाताना पाणी कमी नेले तरी चालते आणि दुपारी काच बोटभर उघडी ठेवून गाडीतच झोपता येते, असे त्यात म्हटले आहे. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

घाम तिथेही येतो. पण आपल्याकडे हवेत बाष्प भरपूर असल्याने तो अंगावर निथळतो, तर थर वाळवंटाच्या कोरड्या हवेत तो दिसण्याआधीच उडून जातो. डेझर्ट कूलर राजस्थानात गारवा देतो आणि किनाऱ्यावर नुसता दमटपणा वाढवतो, त्याचे कारणही हेच. उलट उकाड्याला सरावलेल्या शरीराला घाम लवकर आणि जास्त येतो, म्हणून कोकणातल्या माणसाने तर तहानेची वाट न पाहता पाणी पीत राहावे आणि जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत.

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंशांनी वाढू शकते व बोटभर फटीने त्यात फारसा फरक पडत नाही. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी बाहेरच ५१ अंश सेल्सिअस नोंदले गेले होते. उष्माघातात माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, आणि एकट्या प्रवाशाच्या बाबतीत ते ओळखणारे जवळ कोणी नसते.

हा संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.