भुयार म्हणजे फक्त गुप्त वाट नव्हे

नागपुरात सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: भुयार म्हणजे गुप्त वाट, खोली असती तर तळघर म्हटलं असतं, महाल भागातल्या वाड्यांत भुयारं होती, म्हणजे तिथून सीताबर्डी किल्ल्यापर्यंत रस्ता होताच. पुढे जोड दिलीय की तळघर आणि तळमजला एकच, आणि ‘पेव’, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, हा शब्द आता मेला.

पहिला मुद्दा मुळातच चुकलाय. भुयार आलं ‘भूमिगृह’वरून. त्या शब्दात घर आहे, वाट नाही. शेजारच्या गुजरातीत ‘भोंयरुं’ म्हणजे आजही तळघरच. मराठीत भुयार खोलीलाही म्हणतात आणि वाटेलाही. म्हणून तर नुसतं भुयार न म्हणता ‘भुयारी मार्ग’, ‘भुयारी गटार’ असं फोडून सांगावं लागतं. तेव्हा एखादी आजी ‘आमच्या वाड्यात भुयार होतं’ म्हणाली, तर आधी विचारा: आजी, त्यात उतरून दुसरीकडे निघता यायचं का? ४५ अंशांच्या उन्हाळ्यात जमिनीखालची गार खोली ही इथं चैन नव्हे, गरज. आणि महाल ते किल्ला दोनेक किलोमीटर, मध्ये शुक्रवारी तलाव. तिथं वाट होती की नाही हे जागेवर शोधून ठरेल, शब्दाच्या अर्थावरून नाही.

तळमजला म्हणजे जमिनीलगतचा मजला, तळघर त्याच्याही खाली. हा घोळ साधा नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हासारख्या वेळी ‘तळघरात पाणी’ म्हणजे बहुधा गाड्या आणि पाण्याची मोटर. ‘तळमजल्यावर पाणी’ म्हणजे झोपलेली माणसं. मदतीला धावणाऱ्याला दोन्हींतला फरक कळायलाच हवा.

राहिलं पेव. तोंड अरुंद, पोट मोठं, आत ज्वारी, वरून तोंड बंद केलेलं. असं धान्याचं पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरून मरतो, म्हणून आधी ते वारं खाऊ द्यायचं. शेतात पेवं उरली नसतील, पण शिकवणी वर्गांचं ‘पेव फुटलंय’ असं आपण रोज म्हणतो.