भेसळीचा खटला रीतसर कसा हरावा

अभिनंदन! सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयात रुजू झालात आणि कामाच्या वाटपात अन्न व औषध प्रशासनाची प्रकरणे तुमच्या वाट्याला आली. चोऱ्या-मारामाऱ्या मिळालेले सहकारी तुमच्याकडे जरा कीव करून पाहतील. पाहू द्या. त्यांच्या प्रकरणात फिर्यादी असतो, तो दर तारखेला दारात उभा राहतो आणि "साहेब, काय झालं?" विचारतो. तुमचे पनीर सुटले तर विचारायला कुणीही येत नाही. ग्राहक आयोगात माणूस स्वतःच्या पैशासाठी भांडतो. तुम्ही भांडायचे ते समस्त ग्राहकांसाठी, आणि समस्त ग्राहक त्या वेळी दुसऱ्या दुकानात पनीर घेत असतात.

हरण्यासाठी फार मेहनत पडेल अशी धास्ती मात्र नको. बहुतेक काम तुमच्या आधीच, नमुना घेतला त्या दिवशी उरकलेले असते.

ते कसे, हे समजायला बाटली हातात घेऊन बघा. म्हणजे कल्पनेत, खरी बाटली मिळणार नाही. नमुन्याचे जागेवरच चार भाग करायचे: एक सरकारी प्रयोगशाळेतल्या अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (म्हणजे त्या भागातल्या अन्नसुरक्षेच्या प्रमुखाकडे), आणि चौथा, दुकानदाराने मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. दूध टिकावे म्हणून त्यात फॉर्मॅलिन घालायचे, २५ मिलिलिटरला दोन थेंब, आणि ते लेबलवर लिहायचे. बाटली जाड कागदात गुंडाळायची, टोके आत दुमडून डिंकाने चिकटवायची. त्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या सहीची आणि कोड क्रमांकाची कागदी पट्टी तळापासून वरपर्यंत फिरवून लावायची. दुकानदाराची सही अशी घ्यायची की निम्मी पट्टीवर आणि निम्मी वेष्टनावर पडेल. मग उभा-आडवा दोरा आणि लाखेची किमान चार सीले: एक डोक्यावर, एक तळाला, दोन अंगावर. हे सगळे दिवाळीच्या आधी, खव्याच्या गर्दीत, काउंटरच्या एका कोपऱ्यात, दुकानदाराचा मेहुणा मोबाइलवर चित्रीकरण करत असताना.

यातले काहीही राहिले की तुमचा भार हलका होतो. सही सगळीच्या सगळी वेष्टनावर पडली? उत्तम. 'बाटली स्वच्छ व कोरडी होती' हे वाक्य पंचनाम्यात नाही? फारच छान. कॅनमधले दूध ढवळून न घेता वरचेच काढले? मग नमुना त्या कॅनचा प्रतिनिधी नाही, हे बचावाचे वकील डोळे मिटून म्हणतील. सीलचा ठसा स्वतंत्र पाकिटात न पाठवता बाटलीबरोबरच पाठवला असेल, तर त्यांना डोळे मिटायचेही कष्ट नाहीत. पंच कोण, हेही पाहून ठेवा. समोरचा चहावाला असेल तर तो रोज त्याच दुकानाचे दूध घेतो. फितूर व्हायला त्याला कुणी पैसे द्यावे लागत नाहीत, उधारी पुरते.

यानंतर प्रयोगशाळा. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. मुदत हुकली की ती बंधनकारक की निव्वळ मार्गदर्शक, यावर दोन्हीकडून निवाड्यांचा गठ्ठा येईल. तुम्ही गठ्ठा न आणलेला बरा. प्रयोगशाळा राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यताप्राप्त आणि कायद्याप्रमाणे अधिसूचित होती का, हे उलटतपासणीत विचारतील तेव्हा आश्चर्याने विश्लेषकाकडे पाहायचे. त्यालाही ते तेव्हाच कळत असते. जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली देशात चारच केंद्रीय प्रयोगशाळा होत्या, कोलकाता, म्हैसूर, गाझियाबाद आणि पुणे. एवढे गावात असून काय उपयोग, हा प्रश्न फक्त पुणेकरालाच विचारायचा हक्क आहे.

खरी खुबी अहवालाच्या नोटिशीत आहे. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत दुकानदार अपील करून दुसरा भाग रेफरल, म्हणजे फेरतपासणीच्या, प्रयोगशाळेत तपासून मागू शकतो. ही नोटीस पत्त्यावर पोचली पाहिजे, आणि तक्रारीतला पत्ता असतो 'मंडईजवळ, पुणे २'. पाकीट परत येते, महिने जातात, आणि नोटीस लागते तेव्हा फ्रिजमधल्या दोन भागांचे काय झाले असेल, हे सांगायला विश्लेषक नको. दह्याचा नमुना उशिरामुळे तपासण्याजोगा राहिला नाही, आरोपीचा मौल्यवान हक्क हिरावला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच घिसाराम प्रकरणात आरोपीची सुटका कायम ठेवली. तेव्हापासून बचावाच्या बॅगेत हा निवाडा कायम असतो. दही आंबते ही माहिती खात्याला तेव्हापासून आहे.

कलमाचा गोंधळ हा खास मेजवानीचा भाग. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे कमी दर्जाच्या अन्नाला फक्त दंड, पाच लाखांपर्यंत, आणि तो न्यायालयात नव्हे, दंड ठरवणाऱ्या प्रशासकीय न्यायनिर्णयन अधिकाऱ्यापुढे. न्यायालयात यायचे ते 'असुरक्षित' अन्न. गाईच्या दुधात स्निग्धांश ३.२ टक्क्यांहून कमी निघाले, तर ते कमी दर्जाचे. हळदीत मेटॅनिल यलो हा खाण्यात बंदी असलेला रंग निघाला, तर असुरक्षित. इथपर्यंत लहान मुलालाही कळेल. पण 'असुरक्षित'च्या व्याख्येतच कमी दर्जाचे अन्नही घातलेले आहे, हे वाचले की मोठ्यांनाही कळेनासे होते. अहवालात विश्लेषकाने दोन्ही शब्द लिहिले असतील तर फाइल न्यायालयात का आली, हे त्याला विचारू नका. तो बदलीच्या अर्जात गुंतलेला असतो.

मुदत पाहा. गुन्ह्यापासून एक वर्षात न्यायालयाने दखल घ्यायला हवी. अन्नसुरक्षा आयुक्तांनी लेखी कारणे देऊन परवानगी दिली तर तीन वर्षांपर्यंत. लेखी कारणांत 'प्रशासकीय कारणास्तव' एवढेच असेल तर खूश व्हा, ते कारण नाही हे बचाव सांगेलच. खटल्याच्या मंजुरीच्या आदेशात दुकानाचे नाव मागच्या प्रकरणातले राहून गेले असेल तर आणखी खूश व्हा. आरोपी म्हणून काउंटरवरचा पोऱ्या, आणि कंपनी सामीलच नाही? मग २०२० चा हिंदुस्थान युनिलिव्हरचा निवाडा वाचा: कंपनीला दोषी न धरता तिने जबाबदार म्हणून नेमलेल्या नुसत्या नामनिर्देशित माणसाला दोषी धरता येत नाही. तो जुन्या कायद्यावरचा आहे, असा युक्तिवाद मनात येईल. मनातच ठेवा.

साक्षीचा दिवस उजाडेल तेव्हा नमुना घेणारे अन्नसुरक्षा अधिकारी नंदुरबारला असतील. त्यांना आदल्या दिवशी बोलावून फाइल वाचायला देणे हा शिष्टाचाराचा भंग आहे. ते एसटीतून थेट साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उतरावेत. "लाखेची सीले किती?" या प्रश्नाला "नियमाप्रमाणे" असे उत्तर आले की पुढचा अर्धा तास बचावाचे वकील तुमचे काम करतील. तुम्ही फक्त मधूनमधून उठून "हरकत आहे" म्हणा, रोजनाम्यात तुमची हजेरी दिसली पाहिजे.

दोषसिद्धीचा आकडा वर दाखवायचा झाला तर कबुलीची वाट आहे. आरोपी गुन्हा कबूल करतो, न्यायालय उठेपर्यंत बसतो, दंड भरतो आणि दुपारी दुकान उघडतो. इजा झाली नसेल तर असुरक्षित अन्नाची कैद २०२३ च्या जनविश्वास कायद्याने सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आणि दंडाची मर्यादा एक लाखावरून तीन लाखांवर गेली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो आता सरळ हिशेबाचा विषय आहे. पाम तेलाचे पनीर आणि दुधाचे पनीर यांच्या भावातला फरक त्याला तुमच्याहून नीट पाठ असतो.

आणि निकाल विरुद्ध गेलाच, तर उच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागायला सरकारी तक्रारदाराला सहा महिने मिळतात. निकालाच्या नकलेचा अर्ज लगेच करू नका. आधी अभिप्राय लिहा: 'साक्षीपुराव्याचा विचार करता प्रकरण अपिलास योग्य वाटत नाही.' ही ओळ टाइप करून ठेवलेली असेल, तुमच्या आधीच्या साहेबांच्या संगणकात बघा. फक्त प्रकरण क्रमांक बदलायला विसरू नका.