नवशिक्याचा आत्मविश्वास वाढवा, अगदी सोप्पंय!

ओळखीतलं कुणी परकी भाषा बोलायला लागलं की त्याचा आत्मविश्वास वाढवण्याची जबाबदारी आपसूक आपल्यावर येते. ती कशी पार पाडावी, हे गेल्या आठवड्यात आमच्या जर्मन संभाषणाच्या ग्रुपमधल्या एका सद्गृहस्थांनी मला प्रात्यक्षिकासह दाखवलं. एवढं ज्ञान एकटीने पोटात ठेवणं बरं नाही, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात चारचौघांत करा. "अरे, काहीतरी बोलून दाखव ना!" काय बोलायचं ते मात्र सांगू नका.

बोललाच, तर हसा. परकी भाषेच्या वर्गातली भीती मोजायला १९८६ साली ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार झाली. 'मी बोलले की बाकीचे हसतील' या अर्थाचं विधान तिच्यात आहेच. म्हणजे संशोधकांनी तुमच्या कार्याची दखल केव्हाच घेतलीय.

एका शब्दासाठी अडला, की ताबडतोब इंग्रजीवर या.

उच्चारांची नक्कल समोरच करा. पाठीमागे काय मजा?

आणि आता रामबाण उपाय. चूक दुरुस्त करा, तीही वाक्य संपायच्या आत. मी सांगत होते, भावाबरोबर जाताना गाडी बंद पडली त्याबद्दल. "इश हाबे मिट माइन ब्रुडर..." म्हणजे 'मी माझ्या भावाबरोबर...' झालं! सद्गृहस्थ मध्येच: "माइनेम! मिट आलं की डेटिव्ह!" डेटिव्ह म्हणजे जर्मनमधली एक विभक्ती. बरं बाबा, माइनेम. पुन्हा पहिल्यापासून. "इश हाबे मिट माइनेम ब्रुडर..." "हाबे नाही, बिन! गेलात ना तुम्ही?" आता जर्मनच्या या भूतकाळात मदतीला हाबे घ्यायचं की बिन, हे मुख्य क्रियापदावर ठरतं (जाण्याला बिन), आणि ते क्रियापद येतं वाक्याच्या शेवटी. ते मी अजून उच्चारलंही नव्हतं! मला म्हणायचं होतं, आम्ही गाडी ढकलली. ढकलण्याला हाबेच लागतं. पण तोवर मी बिचकून बिन म्हणून बसले होते आणि स्वारी मान डोलावत होती. गाडीचं पुढे काय झालं हे अजून कुणालाही ठाऊक नाही. विचारलंच नाही कुणी!

नवीन आलेली एक मुलगी त्यानंतर तासभर नुसती "या, या" (जर्मनमध्ये 'हो, हो') करत बसली. वाढला तिचा आत्मविश्वास?

युरोपात भाषेच्या पातळ्या ठरवणारा आराखडा २००१ साली आला. त्यात बी-वन या मधल्या पातळीवरच्या माणसाने व्याकरणासाठी थांबावं, शब्द शोधावेत, स्वतःला सुधारत पुढे जावं, हे सगळं गृहीत धरलंय. फक्त तो बोलत राहिला पाहिजे आणि ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. त्यांना चालतं, आणि तुम्हाला चालत नाही? तुम्ही कोण?

अहो, शिकवणाऱ्या बाई समोर बसल्या होत्या. त्या चुका वहीत टिपून घेतात, बोलणाऱ्याचं संपलं की शांतपणे सांगतात. त्यांना कळत नाही का? तुम्हाला मदत करायची नव्हती, तुम्हाला येतं हे दाखवायचं होतं. आणि तेही चुकीचं! एवढी खाज असेल तर स्वतः बोला की दोन मिनिटं. त्या आख्ख्या तासात तुमच्या तोंडून जर्मनचं एक पूर्ण वाक्य ऐकल्याचं मला आठवत नाही.