सोसणाऱ्याचंच कर्म, मग मारणाऱ्याचं काय?

हिंसाचाराची एखादी मोठी बातमी आली की पाठोपाठ हा निरोप फिरू लागतो: "जगात कोणावरही अन्याय होत नसतो. सोसणारा मागच्या जन्माचं देणं फेडत असतो, मारणारा केवळ निमित्त. मध्ये पडाल तर त्याचे भोग स्वतःवर ओढवून घ्याल." खाली बहुधा गीतेतला एखादा श्लोक. कर्म मानावं की नाही, हा वाद इथे घालत नाही. मानलंय असं धरूनच बोलतो, कारण हा निरोप कर्मसिद्धान्तालाही धरून नाही.

आधी 'देणं फेडतो' हे पाहू. आज 'अ'ने 'ब'ला मारलं, कारण गेल्या जन्मी 'ब'ने 'अ'ला मारलं होतं. ठीक. पण अन्याय कोणावरच होत नसेल, तर तेव्हा 'अ'सुद्धा त्याआधीचं काहीतरी फेडतच असणार. मग 'ब'चं चुकलं कुठे? त्याने वसुलीच केली. आणि चुकलं नसेल तर त्याच्या खात्यावर पाप चढलं कसं? असं कितीही जन्म मागे जा, पहिला गुन्हा हाती लागत नाही. प्रत्येक घाव म्हणजे परतफेड म्हटलं की पाप उरत नाही, आणि पापच नसेल तर फळ कशाचं भोगायचं? कर्माचा हिशेब मांडायचा तर कधीतरी, कुणीतरी, समोरच्याच्या वाट्याचा नसलेला घाव घातलेला असावाच लागतो. निरोपाचं पहिलंच वाक्य नेमकं तेच नाकारतं.

हा पेच जुन्यांना चांगला ठाऊक होता. बुद्धाच्या उपदेशांचा जुना पाली संग्रह म्हणजे संयुक्त निकाय. त्यातल्या सीवक सुत्तात बुद्धाला थेट विचारलंय: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काहीजण म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध दुःखाची आठ कारणं मोजतो. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि आठवं कर्मफळ. मारहाणीचं दुःख त्याने कर्मफळापासून वेगळं धरलंय, हे महत्त्वाचं. अंगुत्तर निकाय या तशाच दुसऱ्या संग्रहात तो आणखी पुढे जातो: सगळं पूर्वकर्मानेच घडत असेल तर खुनी माणूसही पूर्वकर्मामुळेच खुनी झाला, मग 'हे करावं, हे करू नये' याला अर्थ काय राहिला?

आता 'केवळ निमित्त'. 'निमित्तमात्रं भव' हे गीतेच्या अकराव्या अध्यायात आहे, खरंच आहे. पण ते शस्त्र घेऊन उभ्या ठाकलेल्या सैन्यासमोर एका योद्ध्याला सांगितलंय. त्याच महाभारतात अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना कापतो, नंतर उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकतो. तेव्हा तोच कृष्ण 'गर्भाचं प्रारब्ध' म्हणून हात झटकत नाही. तीन हजार वर्षं एकटा भटकशील, असा शाप देतो. निरोप पाठवणारे इतकं पुढचं वाचत नसावेत.

त्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा मीच देतो. अनुशासनपर्वाच्या सुरुवातीला गौतमीचा मुलगा सर्पदंशाने मरतो. साप मृत्यूकडे बोट दाखवतो, मृत्यू काळाकडे, आणि काळ म्हणतो, मुलाच्याच कर्माने हे झालं. झालं ना सिद्ध? पण ही गोष्ट सांगतोय कोण? शरपंजरी पडलेला भीष्म, आणि ऐकतोय तो युधिष्ठिर, ज्याच्या पक्षाने त्याला पाडलं. घायाळ माणूस स्वतःहून दुसऱ्याचं ओझं हलकं करतोय. शिवाय गोष्टीतला व्याध सापाला मारायला निघालेला असतो, आणि गौतमी पहिल्यापासून म्हणते, सोड त्याला. इथे कर्माचा दाखला एक हत्या थांबवतो. झालेल्या हत्येवर पांघरूण घालायला तो वापरणं म्हणजे गोष्ट उलटी धरणं. आणि हे ऐकून युधिष्ठिराला तेवढ्यापुरता दिलासा मिळतो, पण मनाचं ओझं कायमचं उतरत नाही. पापक्षालनासाठी पुढे अश्वमेध होतोच.

योगसूत्रात तर जबाबदारीचं जाळं आणखी मोठं आहे. हिंसा तीन प्रकारची: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. 'त्याच्या कर्माने झालं' म्हणत मारणाऱ्याला मोकळं सोडणं यांपैकी कशात बसतं, ते निरोप पुढे ढकलणाऱ्यांनीच ठरवावं.

राहिलं 'मध्ये पडू नका'. हे तर त्यांच्याच तर्काने कोसळतं. सगळं प्रारब्धच असेल तर माझं मध्ये पडणंही त्या माणसाच्या प्रारब्धातच लिहिलेलं असेल. तेवढं मात्र लिहिलेलं नाही, हे यांना कुणी सांगितलं?

तरीही असं बोलणं इतकं सोपं का जातं? १९६६ साली मेल्व्हिन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना एका स्त्रीला विजेचे झटके बसताना दाखवलं. झटके खोटे होते, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. तिचा छळ चालूच राहणार आणि आपल्या हाती काही नाही, असं ज्यांना वाटलं, त्या तिलाच नावं ठेवू लागल्या. काहींना मात्र मत देऊन तिची सुटका करायची संधी होती. त्यांतल्या बहुतेक सगळ्यांनी सुटकेच्या बाजूने मत दिलं, आणि आता तिचा छळ थांबणार हे कळल्यावर तिला कमी लेखण्याचं प्रमाणही खूपच घटलं.